शरयूताई आणि स्टीलच्या गोळ्या

शरयूताई गुप्त्यांच्या पर्समध्ये पेपरमिंट, चष्म्याचं फडकं, बसचा पास आणि एक लोहचुंबक असायचा. पहिल्या तीन वस्तू आमच्या मराठी मंडळातल्या कुठल्याही बाईच्या पर्समध्ये सापडतील. चुंबकाचं मी पहिल्याच भेटीत विचारलं, कारण मला राहवत नाही. त्या म्हणाल्या, पुंगळ्या वेचायला. गणपतीची आरती व्हायची होती, हॉलमध्ये पोरं धुडगूस घालत होती, आणि सत्तरी ओलांडलेली, कॉटनच्या साडीवर टोपीचं अनोरॅक जाकीट चढवलेली ही बाई मला शांतपणे सांगत होती की दर शनिवारी सकाळी आपण पिस्तूल मारायला जातो, आणि उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांतल्या स्टीलच्या तेवढ्या चुंबकानं उचलतो, म्हणजे वाकावं लागत नाही.

हे बेलफास्टात चालतं. लंडनला, मँचेस्टरला, समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये तसलं पिस्तूल साध्या माणसाला ठेवताच येत नाही, केव्हाची बंदी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र क्लबचं सदस्यत्व, पोलिसांचा परवाना आणि भिंतीला बोल्टनं आवळलेली लोखंडी पेटी असली की टार्गेट प्रॅक्टिससाठी मिळतं. देश एकच, पण कायदे वेगळे. शरयूताईंच्या सगळ्या गोष्टीची मेख या फरकात आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल एडिनबराला फायनान्समध्ये होता. आईनं आपल्याकडे राहायला यावं म्हणून त्यानं तळमजल्यावर एक खोली तयार करून ठेवली होती, अगदी बाथरूममध्ये धरायचे दांडे बसवण्यापर्यंत. आई जाऊ शकत होती, पण पिस्तूल जाऊ शकत नव्हतं. शरयूताई म्हणायच्या, "आम्हा दोघींपैकी एकीलाच व्हिसा आहे." आणि विषय तिथेच मिटवायच्या.

मंडळातल्या पुरुषांना हे काही झेपत नसे. पुण्यामुंबईहून दोनतीन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलेली मंडळी हातात पोह्यांची प्लेट घेऊन त्यांना विचारत, काकू, भीती नाही वाटत? शरयूताई म्हणत, वाटते ना, म्हणून तर नियम पाळते. मग विचारणारा हळूच शाळांच्या अ‍ॅडमिशनकडे वळे.

त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. ठाण्याच्या कायस्थ घरातल्या, कॉलेजात एनसीसीत रायफल मारायला शिकल्या, लग्न होऊन इथे आल्या तेव्हा बेलफास्टच्या रस्त्यांवर सैनिक उभे असत, एवढं तुकड्यातुकड्यानं कळलं. नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घ्यायचे. काप जाड आला तर डॉक्टरला कॅन्सर दिसत नाही, म्हणून काप पातळच यायला हवा; आयुष्यभर हेच केलं, असं त्या सांगत. यजमान गेल्यावर भिंतींशी किती बोलणार म्हणून क्लबात जायला लागल्या. क्लबात त्यांना सगळे मिसेस जी म्हणत. त्यांचं नाव घेता येत नव्हतं असं नाही, पण सगळे त्यांना थोडे टरकून असत.

माझा त्यांच्याशी संबंध ड्रायव्हर म्हणून आला. त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं होतं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या आरशाला धक्का लागला, आरसा फुटलासुद्धा नाही, पण ती गाडी आपल्याला दिसलीच नव्हती हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या आठवड्यात गाडी विकून मोकळ्या. कोणी काही म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, शनिवारी माझं करायचं असं काही नसे, आणि खरं सांगायचं तर एकट्या माणसाला इथला शनिवार फार मोठा वाटतो. सोडते म्हटलं. त्या म्हणाल्या, बघ हं, पाऊस असला तरी जायचं असतं. बेलफास्टात हे सांगायची गरज नव्हती.

रेंज म्हणजे डोंगराच्या कुशीतली बंद पडलेली दगडाची खाण. एका बाजूला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे कागदी टार्गेटं, अलीकडे पत्र्याच्या छपराखाली लाकडी बाकांची ओळ. ती फायरिंग लाइन. शेजारी जुन्या कंटेनरमध्ये केटल, बिस्किटं आणि ओल्या कोटांचा वास. दर खेपेला एक जण रेंज ऑफिसर असतो. तो सांगेल तेव्हा भरायचं, सांगेल तेव्हा मारायचं, थांब म्हणाला की थांबायचं. शरयूताई रेंज ऑफिसर असल्या की खाणीत शाळेची शिस्त येई. आवाज चढवत नसत. उलट खाली आणत, आणि कानावर आवाज अडवणारे मफ लावलेली माणसंसुद्धा वळून बघत.

त्यांचा मुख्य नियम एकच: पिस्तुलाचं तोंड कायम बांधाकडे. भरलेलं असो, रिकामं असो, बिघडलेलं असो, तोंड बांधाकडे. एकदा कुठलासा सर्जन पाहुणा म्हणून आला होता. मोठं प्रस्थ, सोबत मित्रांचा गोतावळा. दोन गोळ्या बऱ्या लागल्या म्हणून गडी खूश झाला आणि हातातल्या पिस्तुलासकट मागे वळून विनोद सांगायला लागला. शरयूताईंनी त्याचं मनगट धरून सरळ केलं, पिस्तूल खाली ठेवायला लावलं, आणि आता तुम्ही चहा प्या म्हणाल्या. त्याला वाटलं, पाच मिनिटांची शिक्षा असेल. दिवसभर चहाच पाजला. जाताना तो कुरकुरला की ते रिकामंच होतं. त्यावर त्या म्हणाल्या, माणसं रिकाम्या पिस्तुलानंच मरतात, भरलेल्याला सगळे घाबरून असतात. सर्जन परत फिरकला नाही, आणि शरयूताईंना त्याचं यत्किंचितही वाईट वाटलं नाही.

आता स्टीलच्या गोळ्यांचं. इथे थोडी तांत्रिक बडबड करणं भाग आहे, पण मलाही कळलं म्हणजे अवघड नसावं. बार उडाल्यावर पिस्तुलातून जी रिकामी नळी बाहेर पडते ती पुंगळी. चांगल्या गोळीची पुंगळी पितळेची. पितळ मऊ, बाराबरोबर जरा फुगतं, मग आकसतं आणि अलगद बाहेर येतं. हौशी लोक त्या वेचून घरी पुन्हा भरतातही. स्वस्तातल्या गोळीची पुंगळी स्टीलची, वरून गंजू नये म्हणून पातळ लेप. ती तेवढी फुगत नाही, त्यामुळे काजळी जास्त. पुन्हा भरता येत नाही. पुंगळी ओढून काढणारा पिस्तुलातला जो बारका आकडा असतो तोही लवकर झिजतो. बंदिस्त रेंजवर पुष्कळ ठिकाणी असल्या गोळ्या चालतच नाहीत, कारण गोळीवरही लोखंडाचा पत्रा असतो आणि ठिणगी उडते. आमची खाण उघडी, मागे माती, म्हणून चालत.

चालत म्हणजे विल्यम चालवून घेई. विल्यम क्लबचा सेक्रेटरी, सगळा जन्म शिपयार्डात वेल्डिंग केलेला, उंचापुरा, आठवड्याचे शब्द मोजून आणल्यासारखा बोलणारा. स्टीलच्या गोळ्या म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. पिस्तुलाची वाट लागते, हे त्याचं म्हणणं. शरयूताईंचं म्हणणं, लागू दे. आकडा बदलता येतो, स्प्रिंग बदलता येते, हात बदलता येत नाही. त्यांचं याच्यामागे एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी मला गाडीत अनेकदा ऐकवलं.

"महागाची गोळी हातात आली की माणूस ती जपून मारतो. जपून मारलेली गोळी म्हणजे सराव नव्हे गं, ती परीक्षा. रफ वहीत कोणी सुवाच्य अक्षर काढतं का? चुकायला भरपूर जागा पाहिजे."

म्हणून मॅचला पितळ आणि शनिवारी स्टील. पेटीभर आणायच्या, चुकायच्या, चुकलेलं बघायच्या, पुन्हा मारायच्या. संपलं की चुंबक दोरीला बांधून छपराखाली फेऱ्या घालायच्या, कुत्र्याला फिरवल्यासारख्या, आणि चुंबकाला लटकलेल्या पुंगळ्या भंगाराच्या बादलीत झाडायच्या. मागे फक्त पितळ उरे, ते पितळवाले वेचत. विल्यम त्यांतलाच. शरयूताईंमुळे त्याला निवडत बसावं लागत नसे, पण हे त्यानं कधी कबूल केलं नाही.

स्टीलवर जगणारी दुसरी व्यक्ती शिवॉन. ती वृद्धाश्रमात काम करायची, पन्नाशीची, नवरा सोडून गेलेला. क्लबात आली तेव्हा बाराच्या आवाजानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शरयूताईंनी तिला हाताशी धरलं. कौतुक करून नाही. त्यांना कौतुक जमत नसे. फारच छान लागलं की हं म्हणायच्या. शिवॉन त्या ‘हं’साठी शनिवारची सुट्टी राखून ठेवायची. पितळी गोळ्या तिच्या पगारात बसत नव्हत्या, हे ती मोकळेपणानं सांगे. स्टील होतं म्हणून ती होती. पुढे ती इतकी बरी मारायला लागली की मॅचला क्लबच्या टीममध्ये घेतली. त्या दिवशी शरयूताई दोनदा हं म्हणाल्या.

निखिलचा फोन बहुतेक शनिवारी दुपारी, आम्ही परतत असताना येई. पोरगा वाईट नव्हता. मला तर तो आवडायचा. आई एकटी, घराला जिना, मागच्या हिवाळ्यात अंगणात घसरली होती. त्याचं एकही वाक्य खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. शरयूताई खोडतही नसत. हो रे, बघू रे, उन्हाळ्यानंतर बोलू. फोन ठेवला की काचेतून बाहेर बघत. एकदा म्हणाल्या, तिथे मी त्याची आई असेन, नातीची आजी असेन, सगळं मिळेल. इथे लाइनवर उभी राहते तेव्हा मी कोणाची कोणी नसते, आणि तो तासभर मला लागतो. त्यात रडगाणं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या. 

दसऱ्याला त्या घरी बोलवायच्या. कायस्थांकडे त्या दिवशी लेखणीही पुजतात आणि शस्त्रही. जेवायला वालाचं बिरडं आणि कोलंबीची खिचडी, त्यामुळे मी एकही दसरा चुकवला नाही. पाटावर लाल कापड, त्यावर यजमानांचं फाउंटन पेन, लॅबमधलं काप काढायचं जुनं पातं, मोकळं करून ठेवलेलं पिस्तूल आणि एक स्टीलची गोळी. लाइनवर इतकी करडी असणारी बाई तिथे निराळीच दिसे. पदर खोचून, ओल्या कुंकवाचं बोट एकेका वस्तूला लावून, अक्षता वाहून हात जोडायच्या. ही गोळी मात्र पुढे मारायची नाही, हा त्यांचा दंडक. ओलं कुंकू लागलेली वस्तू पिस्तुलात घालायची नाही, हे एक कारण. दुसरं, देवाची ती देवाची. पूजा झाली की ती वेगळ्या डबीत जाई आणि शनिवारी विल्यम बिनकामाच्या गोळ्यांबरोबर तिची विल्हेवाट लावी. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

त्या शेवटच्या दसऱ्याला पूजा चालू असतानाच निखिलचा व्हिडिओ कॉल आला. नातीला पूजा दाखवायची होती. दाखवली. मग नातीच्या हातून फोन त्यानं घेतला आणि नेहमीचं सुरू झालं, फक्त या वेळी जरा चढ्या आवाजात. आई, तुला आम्ही महत्त्वाचे की ते पिस्तूल, असं एकदा विचारून गेला बिचारा.  शरयूताई ऐकता ऐकता पाट आवरत होत्या. मी स्वयंपाकघरात पानं घेत होते. जेवताना त्यांनी नेहमीसारखा आग्रह केला, पण स्वतः दोन घास खाऊन उठल्या.

पुढच्या शनिवारी विल्यम रेंज ऑफिसर होता. शरयूताई आपल्या बाकाशी, त्यांच्या उजवीकडे शिवॉन, आणि मी मागे थर्मास सांभाळत. स्टीलच्या गोळ्या होत्या. थोडे बार नीट झाले आणि मग शरयूताईंचं पिस्तूल अडकलं. गोळी अर्धी आत गेलेली, पुढे जाईना, मागे येईना. वरचा सरकता भाग, स्लाइड म्हणतात तो, मागे ओढायला हवा. त्यांच्या मनगटात पूर्वीची ताकद राहिली नव्हती. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. आणि मग जोर लावायला सोपं पडावं म्हणून त्यांनी पिस्तूल छातीशी आडवं धरलं. तोंड शिवॉनच्या दंडाकडे.

जेमतेम एखादा श्वास एवढाच वेळ. शिवॉन आपल्या टार्गेटकडे बघत होती. विल्यम दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी बोलत होता. मी मात्र पाहिलं. तेवढ्यात शरयूताईंनी पिस्तूल बांधाकडे वळवलं, बाकावर ठेवलं, एक पाऊल मागे सरकल्या आणि हात वर केला. विल्यमनं सगळ्यांना थांबवलं, येऊन खटपट करून गोळी काढली. तिच्या अंगावर तांबूस खपली धरली होती. गंज, विल्यम म्हणाला. बोलता बोलता त्यानं अंगठ्यानं ती खपली खरवडली, आणि बाकावर पडलेलं शरयूताईंनी बोटानं टिपून घेतलं. त्या दिवशी त्या पुन्हा लाइनवर गेल्या नाहीत. चुंबकही फिरवला नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर तांदळाचा एक कण होता, कुंकवानं लाल झालेला.

फोनच्या नादात त्यांनी पूजेची गोळी डबीत न टाकता शनिवारच्या गोळ्यांच्या पेटीत परत टाकली होती. आठवडाभरात ओल्या कुंकवानं लेपावर खपली धरली, अक्षत तिच्यात चिकटून बसली, आणि ती गोळी पिस्तुलात अडली. विल्यमला तो गंज वाटला यात त्याची काय चूक? असली गोष्ट बघून ओळखणारी माणसं त्या खाणीत दोनच होती.

त्या आठवड्यात क्लबच्या कमिटीनं बैठक ठरवली. विषय एकच: स्टीलच्या गोळ्या कायमच्या बंद करायच्या. विल्यमनं शरयूताईंना फोन करून अगदी मायेनं सांगितलं, गोळी गंजकी होती, दोष मालाचा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याच महिन्यात त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण होतं आणि त्याला क्लबची शिफारस लागते. तीही मी देतोच आहे, म्हणाला. म्हणजे सगळं सरळ होतं. स्टील जाणार, पिस्तूल राहणार, आणि पिस्तूल राहणार म्हणजे एडिनबरा लांबणार.

बैठकीला जाताना मी त्यांना स्पष्टच म्हटलं, की शरयूताई, गप्प बसा. स्टील बंद झालं तर तुम्ही पितळ घ्याल, तुम्हाला काही कमी नाही. तोंड उघडलंत तर उद्या पिस्तुलाची पेटी रिकामी होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि शिवॉननं काय करायचं?" मी वायपरचा वेग वाढवला.

कंटेनरमध्ये दाटीवाटीनं सगळे बसले होते. विल्यमनं दोन वाक्यांत ठराव मांडला. शिवॉन कोपऱ्यात उभी, बुटांकडे बघत. कोणाला काही म्हणायचं आहे का, विचारल्यावर शरयूताई उठल्या. इंग्रजीतच बोलल्या, पण त्यांचं इंग्रजी मला नेहमी मराठीतच ऐकू येई.

"त्या गोळीत काही दोष नव्हता, विल्यम. मी तिची पूजा केली होती."

कोणी हसलं नाही. बहुधा कळलंच नसावं. मग त्यांनी दसरा म्हणजे काय ते सांगितलं: आमच्यात वर्षातून एकदा हत्यारांना नमस्कार करतात, लाल रंग लावतात, तांदूळ वाहतात, ती गोळी वेगळी ठेवायची असते, मी विसरले. एका म्हाताऱ्या सदस्यानं आपण नव्या बोटीवर बाटली फोडतो तसं का, असं विचारलं. साधारण तसंच, त्या म्हणाल्या. विल्यमचा चेहरा सैल झाला. तो म्हणाला, बरं, मग ही एक साधी चूक, कोणाकडूनही होईल, पुढच्या विषयाकडे वळू. तिथे थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. स्टील वाचलं होतं, पिस्तूलही वाचलं होतं. मी मनात म्हणत होते, बसा, आता खाली बसा.

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, गोळी अडकली ते सोड. अडकल्यावर मी पिस्तूल आडवं केलं. तोंड शिवॉनवर गेलं, आणि आत गोळी होती.

 शिवॉन पुढे झाली. तिचे डोळे भरले होते. मी काही पाहिलं नाही, म्हणाली, असं काही झालेलं मला माहीत नाही.

"तू पाहिलं नाहीस," शरयूताई म्हणाल्या, "मी पाहिलं."

मग विल्यमकडे वळून, माझ्या शिफारशीवर सही करू नकोस, एवढंच म्हणून त्यांनी पर्स उचलली. दुसरं कोणी असतं तर मी त्याला चहा पाजला असता, असंही काहीतरी पुटपुटल्या, पण ते फक्त मला ऐकू आलं. विल्यम उठून दारापर्यंत आला. छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली आणि गाडीपर्यंत चालत राहिला, स्वतः भिजत.  

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढा खरेपणा कोणी मागितला होता? घरी पोचेपर्यंत मी नजर रस्त्यावरून हलवली नाही. उतरताना त्या म्हणाल्या, तुझा राग कळतो, पण मनगट काही परत येणार नाही. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःहून निखिलला फोन केला.

पुढचं भराभर झालं. पिस्तूल परवानेधारक दुकानदाराकडे गेलं, पेटी भिंतीवरून निघाली, निखिल येऊन गाडीभर सामान घेऊन गेला. क्लबात स्टील चालू राहिलं. शिवॉन अजून जाते आणि आता नवशिक्यांना तीच शिकवते. शरयूताई मला एडिनबराहून फोन करायच्या. नातीबद्दल, टेकडीवरच्या वाऱ्याबद्दल, तिथे वाल मिळत नाहीत त्याबद्दल. पिस्तुलाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तिथला दुसरा हिवाळा त्यांनी काढला नाही. छातीत कफ झाल्याचं निमित्त. मी भेटायला जाणार होते, तिकीट बघतच होते, आणि निखिलचा मेसेज आला.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बेलफास्टच्या बंदरावर. सामान आधीच गेलं होतं, निखिल पलीकडच्या किनाऱ्यावर गाडी घेऊन थांबणार होता, आणि त्या एक छोटी बॅग घेऊन एकट्याच फेरीबोटीनं निघाल्या होत्या. मी दोरीच्या अलीकडे. सिक्युरिटीतली मुलगी प्रत्येकाला तोच प्रश्न कंटाळून विचारत होती: चाकू, गॅस, शस्त्र, दारूगोळा, काही आहे का? शरयूताईंनी आधी हातातली बॅग खाली ठेवली. मुलीनं मान वर करून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, नो. नथिंग.

त्यांच्या गुडघ्यात धातू बसवलेला होता, म्हणून दारातून जाताना यंत्र वाजलं. मुलीनं हातातली तपासणीची पट्टी घेतली आणि हात पसरा म्हणाली. शरयूताईंनी हात पसरले नाहीत. दोन्ही हात सरळ पुढे केले, तळवे एकमेकांत बसवून, पाय किंचित फाकवून, मान स्थिर, नजर समोरच्या भिंतीवर कुठेतरी. आपण काय करतो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. मुलगी हसून म्हणाली, पुढे नाही हो, बाजूला. आणि तिनं हळूच त्यांचे दोन्ही हात सोडवून बाजूला केले. तोपर्यंत मी ते हात नीट पाहिले होते. ते अजिबात हलत नव्हते.